एका कातड्यातले दोन हात

प्रिय धाकट्या,

सकाळी तुझ्या बायकोचा फोन आला आणि कित्येक दिवसांनी मी चहा गरम असताना प्यायले. ठेकेदाराला तू हाकललंस, बाबांच्या कारखान्यातली शिवणाची खोली चालू राहणार, आपल्या एकाही बाईला घरी बसावं लागणार नाही, हे तिने दोनदा सांगितलं तेव्हा कुठे माझा विश्वास बसला. तू स्वतः फोन केला नाहीस. घाबरलास ना? बरोबरच आहे.

राग अजून आहे, तो आधी काढून घेते. त्या रविवारी तुझ्या चिरंजीवांनी मला जगाचा बाजार समजावून सांगितला. बाहेरून तयार हातमोजे निम्म्यात पडतात म्हणे, आपण फक्त आपला शिक्का मारायचा. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी जेवताना वाद घालायचा नाही असं शिकवलंय, म्हणून मी ताट संपवून विचारलं, मग आपल्या शिवणाऱ्या बायकांनी काय करायचं? म्हणाला, त्या दुसरं काहीतरी शिकतील. त्या खोलीवर निवृत्त होईपर्यंत मी देखरेख केली. सुईने वाकडी झालेली बोटं पन्नाशीत दुसरं काय शिकणार, ते त्याने सांगितलं नाही. आणि तू? तू मीठ मागितलंस.

मग काढलीस मधली वाट: सीमेपलीकडच्या मुली, ठेकेदारामार्फत, अर्ध्या मजुरीत. मला जुन्या वळणाची म्हणा, खुशाल म्हणा. देशाला दार असावं आणि दाराला कडी असावी. येणाऱ्याने रीतसर यावं आणि शेजारच्या बाईइतकीच मजुरी घ्यावी. त्या मुलींवर माझा राग नव्हता. मागच्या गोदामात त्यांना कसं कोंबलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांच्या गरजेच्या जोरावर आपल्या बायकांची मजुरी पाडणाऱ्यांवर राग होता. त्यात तूही आलास.

बाबांचा नियम एकच. जोडीचे दोन्ही हात एकाच कातड्यातून कापायचे, एकीनेच शिवायचे. ठेकेदार फार हुशार. वेग यावा म्हणून त्याने डावे हात एका खोलीत शिवायला बसवले, उजवे दुसऱ्या. जुन्या गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला. दर कातड्याचा रंग निराळा; एक हात तपकिरी, दुसरा त्याचा सावत्र भाऊ. तू म्हणे जमिनीवर फतकल मारून संध्याकाळपर्यंत जोड्या लावत बसलास आणि एकही जुळेना. ऐकून मी खूप हसले. मग थोडी रडले. बाबा असेच बसायचे.

कामाचा परवाना असलेल्या मुलींना तू आपल्याच दराने ठेवून घेतलंस, बाकीच्यांना परतीचं भाडं दिलंस. चिरंजीव तोंड फुगवून बसलेत म्हणे. बसू देत.

आता पत्र कशासाठी ते. उद्याच्या कामगारांच्या सभेत तुझ्याविरुद्ध बोलायला मी उभी राहणार होते. भाषण पाठ होतं, ठेवणीतले कपडे इस्त्री करून ठेवले होते. सख्ख्या भावाची अब्रू चारचौघांत काढायची नव्हती मला, आणि तरी मी ती काढलीच असती. ते टळलं रे. तुझ्या बायकोने सुचवलंय तशी सोमवारपासून मी नव्या मुलींशेजारी बसेन, जोडी शिवायला शिकवीन. फक्त पगार पूर्ण घेईन. फुकट राबून कुणाची मजुरी पाडायला मी काही तुझा ठेकेदार नाही.

अजून पुरती निवळली नसली तरी तुझीच,
ताई