फुलांची नेट आजच काप

मिनल,

मी पहिल्या बसने सावनेरला जाते आहे. रंभा गेली. पहाटे तिच्या सुनेचा फोन आला. तू झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही.

तुझ्या साखरपुड्याच्या गाऊनची फुलांची नेट आजच काप, थांबू नकोस. बहीण माझी असली तरी आपल्या घराला तिचं सुतक नाही. कापड ताणतं ती बाजू अंगाभोवती आडवी येऊ दे. कापताना खाली कागद पसर, म्हणजे सरकणार नाही. छापावर इस्त्री थेट फिरवू नकोस, वर सुती कापड घाल. पुढे कधी मळलं तर थंड पाण्यात हातानेच धू. पिळू नकोस, दोरीवरही टांगू नकोस, लोंबतं.

हे कापड तिनेच निवडलं. सीताबर्डीच्या दुकानात दोन्ही हातांनी ताणून सोडलं, परत जागेवर आलं तेव्हा मला म्हणाली, "ताणल्यावर फुलाचा रंग फाटते का पाह्य वं." मी म्हटलं, तुला नेटमधलं काय कळतं? तर म्हणते, "लहानपणी घरी खाप्याले मच्छरदाणी डोक्यावर घेऊन नवरी कोण होत होतं? मीच ना!" दुकानदारही हसला.

कपाटात माझी नवी हिरवी साडी शोधू नकोस. साखरपुड्यासाठी ठेवली होती, ती घेऊन जाते आहे. बाईला शेवटची साडी माहेरची नेसवतात, आणि तिच्या माहेरचं आता मीच उरले आहे.

साखरपुड्याला मी जुनी नेसेन. दूध तापवून झाकलं आहे.

आजी