कास्पारचा चौथा भाग

व्हिएन्ना, २० फेब्रुवारी १७८९

तीर्थरूप मातेय दादा यांस,

धाकट्या प्रोकोपचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, वहिनींचा दमा आणि तुमच्या चर्चच्या ऑर्गनचा फुटका भाता, तिघेही या थंडीत तग धरून असतील अशी आशा करतो. मी बरा आहे. कास्पार बुधवारी सकाळी गेला. (हे हळूहळू सांगायचं ठरवलं होतं, पण हात थांबला नाही.)

आमचं वैर तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या गुरुजींची रीत अशी, की थोरांची रचना हाताने उतरवायची, खालचे खर्जाचे सूर तसेच ठेवायचे आणि वरची चाल आपली बांधायची. आम्ही दोघे मेले उतरवायलाच तेवढे शिकलो! अठरा वर्षं मी त्याचं उचललं, त्याने माझं. माझ्या एका संथ भागावर त्याने प्रार्थना बेतली, त्या प्रार्थनेवरून मी नाचाची गत केली. (तिला टाळ्या पडत होत्या तेव्हा हा गृहस्थ पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्यांना "हे माझं बरं का" असं सांगत होता.)

जानेवारीत त्याच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं. चार वाद्यांसाठी लिहायला घेतलेल्या रचनेचे तीन भाग झाले होते. मला बोलावून म्हणाला, "चौथा तू कर. मला ऐकून जायचंय. पण एकदा तरी स्वतःचं काहीतरी आण रे, मेल्या!" आठवडाभर खपून केलेलं नेलं, तर वाचून हसत सुटला. हसता हसता उशी लाल झाली. "हे माझंच, आणि तेही जुनं!" त्याची बायको रोझिना उशी बदलता बदलता माझ्यावर कडाडली, "भावजी, मारायचंच असेल तर सरळ मारा ना!" दुसरं नेलं, ते गुरुजींचं निघालं. मी रडकुंडीला आलो, कारण वैद्याने आता आठच दिवस दिले होते.

तिसरं आम्ही चौघांनी रविवारी दुपारी त्याच्या खाटेभोवती बसून वाजवलं. (खोलीत जागा नव्हती, म्हणून चेलोवाल्याने कागद औषधाच्या बाटल्यांना टेकवले, आणि मधेच एक बाटली पडली.) कास्पार डोळे मिटून ऐकत राहिला. संपल्यावर त्याने माझा हात धरला. "हे तुझं. झालं बाबा एकदाचं!" मी ढसाढसा रडलो.

काल दफनाला रविवारी माझ्याबरोबर वाजवणाऱ्यांपैकी दोघे आले होते. परतताना एकजण म्हणाला, तो चौथा भाग त्याला फार आवडलाय. म्हणजे ईस्टरपर्यंत तो या गृहस्थाच्याच नावावर वाजणार.

तुमचा आज्ञाधारक,
प्रोकोप

ता. क. दादा, तो चौथा भाग तुमचा आहे. आईच्या आठवणीत तुम्ही जे प्रार्थनागीत बांधलंत, त्याचीच चाल मी पळती केली. पाया पडतो, यंदा ते गाऊ नका, आणि कुणी विचारलंच तर प्रोकोपचं म्हणून सांगा. मरत्या माणसाला फसवलंय मी. निदान ते उघडं पडू देऊ नका.

पुन्हा ता. क. पत्र बंद करत होतो, तेवढ्यात रोझिनाने कास्पारच्या वह्या आणून दिल्या. त्यात तुमचं प्रार्थनागीत आहे, त्याने स्वतःच्या हाताने उतरवलेलं. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडून वाचायला म्हणून नेलं होतं. म्हणजे रविवारी त्याने पहिल्या चार सुरांतच ओळखलं असणार. आणि तरी "हे तुझं" म्हणाला, हो! दादा, मला फार एकटं वाटतंय. आता माझी चोरी पकडायला कोण उरलं?