टॉवेलखालची बाटली

ता. १४, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं, स्वेटरही मिळाला. बाह्या नेहमीसारख्या लांब आहेत. मी अजून उंच होणार ही तुझी आशा काही सुटत नाही. तुझ्या सासूबाईंचा खोकला कमी झाला का? भावजींचा गुडघा?

इकडे ठीक. माझ्या तापात उशाशी राहून तू गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. माझ्या खोलीतली जाडी तुझी फार आठवण काढते. घोरताना तिला दणका देऊन कूस बदलायला लावणारी तू पहिलीच, म्हणे.

हे सगळं लिहिते आहे, कारण मुद्द्याचं लिहायला हात धजत नाही.

तापाची गोळी शोधताना तुला फळीवर टॉवेलखाली ती बाटली सापडली. तू मला न विचारता नाव टिपून घेतलंस आणि तुमच्याकडच्या औषधवाल्याला विचारलंस. तो म्हणाला, ही एड्सवाल्यांची गोळी. फोनवर बोलायला गेलीस तर घरातले सगळे कान टवकारतात, म्हणून तू चार पानं लिहिलीस. माझ्या नवऱ्याच्या नावाने बोटं मोडलीस. स्वतः मरून सुटला आणि जाताना माझ्या बहिणीच्या पदरात हे टाकून गेला, असं लिहिलंस. मला ओळीओळीला बिचारी म्हणालीस.

खरं सांगते ताई, ते वाचून मी रडले. तो गेल्यापासून तू मला इतकं गोड कधी लिहिलं नव्हतंस. लगेच उत्तराला बसले. हो ताई, त्यानेच दिलं, असं लिहूनही टाकलं. जिवंतपणी तो माझ्या कधी उपयोगी पडला नाही, निदान मेल्यावर तरी पडेल असं वाटलं. पण तो दारू पिऊन बांधकामाच्या परांचीवर चढला आणि पडून गेला. हा आजार त्याला नव्हता.

ते पत्र पाकिटात तयार होतं. काल सकाळी तुझ्या घरून माझ्या छकुलीचा फोन आला, तू बाहेर गेलेली असताना. शाळेचं काही बोलली नाही, सुट्टीचंही नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, तू मरणार आहेस का?" मावशी शनिवारी माझंही रक्त तपासायला नेणार आहे, असंही तिने सांगितलं. मी हसण्यावारी न्यायला गेले. ती हसली नाही.

म्हणून ते पत्र फाडलं आणि हे लिहिते आहे.

मला आजार नाही. ती गोळी आजार नसलेल्या माणसाने, तो होऊ नये म्हणून रोज घ्यायची असते. आजारी माणसालाही तेच औषध देतात, सोबत आणखी एक देऊन. तुमचा औषधवाला तिथेच फसला. आता तू विचारशील, लॉजमध्ये चादरी धुणाऱ्या विधवा बाईला हा आजार कुठून होणार, की तिने रोज गोळी घ्यावी?

जाडीने मघाशी आणून ठेवलेला चहा गार झाला.

मी लॉजमध्ये असते हे खोटं नाही. चादरीही खऱ्या आहेत, पण त्या धुवायला धोबी येतो. मी पुरुषांबरोबर झोपते, ताई. तेच माझं काम. छकुलीचे बूट, तिचा चष्मा, सगळं त्यातलंच.

कंडोमशिवाय मी कुणाला जवळ येऊ देत नाही, पण प्यायलेल्या माणसापुढे दर वेळी आपलं चालतंच असं नाही. म्हणून गोळी. आणि दवाखान्यातली बाई घरच्या घरी तपासायचं किट देऊन जाते. काडी हिरड्यांवरून फिरवायची, नळीत उभी करायची आणि वाट बघायची. एक रेघ उमटली तर सुटलो, दोन उमटल्या तर दवाखान्यात जाऊन पुन्हा तपासायचं. आजवर एकच रेघ आली आहे.

बाटली मी तुझ्यापासून नव्हे, गिऱ्हाइकांपासून लपवते. तेही तुमच्या औषधवाल्याइतकेच शहाणे. बाटली दिसली की माणूस जिन्यावरूनच परत फिरतो, असं मालकीणबाई म्हणते. त्याच भीतीने जाडी गोळी घेत नाही. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तिची मला फार काळजी वाटते.

छकुलीला कुठेही नेऊ नकोस. शनिवारी सकाळी मीच येते, तुझा स्वेटर घालून आणि किट घेऊन. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्यासमोर काडी फिरवीन. घड्याळ तू धर, रेघही तूच बघ. समजा दोन आल्या, तरी औषध आहे. ते घेत माणूस म्हातारा होतो. आमच्या शेजारच्या खोलीतल्या बाईला हा आजार आहे, आणि मी रोज तिच्याच हातचं जेवते. तोवर छकुलीला एवढंच सांग, की आई मरत नाही. बाकीचं तिला कधी सांगायचं ते मी ठरवीन.

तू लिहिलंस, माझ्यासाठी पेला आणि ताट वेगळं काढून ठेवलं आहे, राग मानू नकोस. राग नाही. पेल्याने तो आजार कुणालाच लागत नाही, हे आता तुला कळलं. तरीही शनिवारी माझा पेला वेगळाच ठेवावासा वाटला, तर ठेव. फक्त त्याला आजाराचं नाव देऊ नकोस.

तुझी,
बिचारी नसलेली,
धाकटी