तुकडा

४ मार्च
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
ऑपरेशनला आज नववा दिवस. प्रोस्टेटची गाठ निघाली, लघवीची वाट मोकळी झाली, असं डॉक्टर म्हणतात. तरी तासाला चारदा लघवीला उठतो. काल गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही लावताना उठायला उशीर झाला. तुझ्या आईनं फरशी पुसली.
डॉक्टर चार वर्षांपूर्वीच कापायला निघाले होते. तुझ्या प्रयोगशाळेतली गोळी येतेय म्हणून तू थांबवलंस. आता ती पाठव.
ऑपरेशनात तुझ्या तपासणीसाठी काढलेला मूत्राशयाचा तुकडा मिळाला ना? एवढ्याशा कापडात खिसाही होत नाही, पोरगी काय शिवणार, असं आई विचारते.
लोभ आहेच.
तुझे बाबा

२१ मार्च
ती. बाबांस,
शि. सा. न.
तुकडा आला त्याच दिवशी कोमट खारट पाण्यात आकड्याला टांगला. तो आपोआप आकसतो, सैल पडतो, पुन्हा आकसतो. कागदावर रेघ वरखाली होते.
स्नायूच्या पेशींना बारीक दारं असतात. त्यांतून पोटॅशियम बाहेर गेलं की स्नायू शांत होतो. माझी गोळी ती दारं उघडते. औषध घातलं, रेघ बदलली नाही. दहापट घातलं, तरी नाही.
मग जनुक तपासलं. दारं घडवणारं जनुक जवळजवळ गप्प आहे. तुंबलेल्या वाटेवर वर्षानुवर्षं जोर लावून स्नायू जाड झाला आणि त्यानं दारं घडवणं सोडलं. ज्यांचं ऑपरेशन वेळेत झालं, त्यांचे तुकडे त्याच औषधानं शांत झाले. तुमच्यात उघडायला दारच नाही.
चार वर्षं मी थांबवलं. दारं पुन्हा घडतील का, मला माहीत नाही.
लोभ मागायला तोंड नाही.
धाकटी

२ एप्रिल
चि. धाकटीस,
अ. उ. आ.
पत्र दोन बैठकीत वाचलं. मधे उठावं लागलं. आई म्हणते, तिच्यावर रागावू नका. मी रागावलोय. कुणावर, ते ठरत नाही.
कोट दुसऱ्या शिंप्याकडे गेला. मशीन न्हाणीघराला लागून ठेवलंय. त्यामुळे तिथलं दार लागत नाही. घरात दोघंच, चालतं.
एक काम कर. तो तुकडा अजून टांगलेला असेल तर खाली काढ. त्याला तरी सुटू दे.
लोभ मागावा लागत नाही. तो आहे.
तुझे बाबा