चादरीमागचा पहाड

समता कॉलोनी, रायपूर
रविवार, सकाळी

आदरणीय हरिदासमामा,

सविनय जय भीम. तुमचे दोन्ही गुडघे, मामींचा रक्तदाब आणि शंकर नगरातल्या नव्या घराचं प्लास्टर, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. तुमच्या घरून आमच्या फोटो स्टुडिओत स्कूटरने चहा गार होण्याआधी पोचता येतं, मग हा पोट्टा चिठ्ठी काहून लिहून राहिला, असं तुम्ही मामींना विचाराल. तर कारण असं, की समोर उभा राहिलो की तुम्ही पहिलंच विचाराल, "पहाड कुठं आहे?" आणि माझी बोबडी वळेल. कागदावर तुम्हाला मला मध्येच थांबवता येत नाही. (तुमचा चष्मा सापडणार नाही आणि हे पत्र मामीच मोठ्याने वाचतील, हे मी धरून चाललो आहे. मामी, पुढे एक चादर येईल. तेवढा भाग मनातल्या मनात वाचावा.)

रेल्वेत असताना तुमचा प्रत्येक पास नागपूरच्या कोणाच्या तरी लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्च झाला. हिमालय राहून गेला, आणि आता गुडघ्यांमुळे राहूनच गेला, हे मला माहीत आहे. म्हणून तर मी ट्रेकला निघताना तुम्ही स्वतःचा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला आणि म्हणालात, "मले तो पहाड आणून दे. तुह्या हातचा पाहिजे." हॉलमध्ये खिळा ठोकून झाला होता, आडवी फ्रेमही येऊन पडली होती. पुस्तकांशी माझं पटेना तेव्हा मला दिवाकरभैयांच्या स्टुडिओत कामाला नेऊन उभं करणारेही तुम्हीच. त्यामुळे मामा, तो खिळा पूर्ण वाटभर माझ्या डोक्यातच ठोकलेला होता.

ट्रेकमध्ये आमच्या पुढे देवश्रीताई होत्या. ही बाई रायपुरात बँकेत बसते, पण चढावर लागली की मागे वळून बघत नाही, आणि तरी मागच्याचं कोणाचं पाऊल घसरलं ते तिला समजतं. मागे मी, आणि माझ्यामागे पंडरीत कपड्याचं दुकान असलेले इंद्रजीतभैया. पहाडाचे फोटो त्यांच्याकडे भरपूर आहेत, पण प्रत्येकात पहाडाच्या पुढे ते स्वतः हात पसरून उभे असल्यामुळे आपल्या कामाचे नाहीत. मी मात्र शिस्तीने काढायचं ठरवलं होतं. कॅमेऱ्याची तिपाई लावायची, तिच्यावरच्या पातळीचा बुडबुडा मधोमध आणायचा, भिंग पुसायचं, क्षितिज सरळ करायचं, पुन्हा भिंग पुसायचं. आणि मान वर केली की पहाडावर ढग. रोज हेच. सवय वाईट असते मामा. वर्षानुवर्षं पासपोर्ट फोटो काढले की हात तसाच चालतो. एका मेंढपाळाला मी टोपी काढून दोन्ही कान दिसू द्यायला सांगितलं, तर तो मेंढ्यांसकट निघून गेला. देवश्रीताई म्हणाल्या, "यशदीप, तू पहाड पाहून राहिला का पहाडाचे कान?"

मग आम्ही एका गावात पोचलो. दगडी पाट्यांची छपरं, त्यावर वाळत घातलेली मक्याची कणसं, आणि आपल्यापेक्षा मोठा गवताचा भारा पाठीवर घेऊन चढ चढणाऱ्या बाया. चढताना त्यांच्या गप्पा थांबत नव्हत्या (आम्हाला रिकाम्या हाताने नाव सांगतानाही दम लागत होता). आमच्या हातावर गुळाचा खडा ठेवून बिनसाखरेचा चहा देत होत्या. आणि गावाच्या डोक्यावर तुमचा पहाड! इतका जवळ, इतका स्वच्छ, की मी आधी नमस्कार केला आणि मग तिपाई उघडली. बुडबुडा मधोमध आलाही होता. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, मी घरी काय काम करतो. मी खरं ते सांगितलं.

तिथे गडबड झाली. त्या गावात पासपोर्ट फोटो काढायचा तर पूर्ण दिवस खाली बाजारात उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी वर चढायचं. पेन्शनला फोटो लागतो, शाळेला लागतो, रेशनला लागतो. मागून कळलं ते एवढंच, की शाळेच्या अंगणात रांग लागली होती आणि मी सगळ्यांना हनुवटी खाली करायला सांगत होतो. अंगण सोडून दुसरी सपाट जागा नव्हती. चेहऱ्यावर ऊन घ्यायचं तर पाठ पहाडाकडे करावी लागत होती. आणि मागे पांढरं पाहिजे, म्हणून (मामी, इथे) परक्या अंथरुणावर झोपू नकोस म्हणून मामींनी दिलेली घरची पांढरी चादर इंद्रजीतभैयांनी आणि एका मास्तरांनी दोन टोकांनी धरली. तिच्यामागे तुमचा पूर्ण पहाड बरोबर झाकला गेला.

काय चेहरे होते मामा! बायांमध्ये चांदीची हंसळी एकच होती. जिचा नंबर ती गळ्यात घालायची, फोटो झाला की काढून पुढचीला द्यायची. शेवटी गावातली सगळ्यात म्हातारी आली, तिला सगळे आमा म्हणतात. तिच्या पेन्शनच्या जुन्या फोटोतली बाई ती नाहीच, असं पेन्शन कचेरीतल्या बाबूचं म्हणणं होतं. तिचं एकदम बरोबर बसवलं. कान, हनुवटी, हंसळी, सगळं. पासपोर्टचा एक घेतला, खात्रीसाठी दुसरा जरा लांबून, आडवा घ्यायला बटन दाबलं आणि त्याच क्षणी वारा आला. चादर सुटली, खाली दरीत निघाली, इंद्रजीतभैया "अरे पकडो!" ओरडत तिच्यामागे, आणि आमा बाजूला कलून, बिनदातांचं तोंड उघडून अशी हसली की काय सांगू. पुढच्या क्षणी ढग आले ते आम्ही उतरेपर्यंत हटले नाहीत.

त्या एका फोटोत पहाड आहे. पूर्ण आहे, शिखरावर उडणारा बर्फसुद्धा आहे. फक्त डाव्या कडेला आमा हसते आहे, थोडी हललेली. पासपोर्टच्या हिशेबाने रद्द. तुमच्या खिळ्याच्या हिशेबाने काय, ते तुम्ही ठरवायचं. लिफाफ्यात सोबत ठेवला आहे. मामींनी आधी फोटो बघावा, मग चादरीवरून रागवावं.

आपला भाचा,
यशदीप

ता. क. दिवाकरभैया म्हणाले, "इतना क्या सोचना, आमा को हटा देता हूं." कॉम्प्युटरवर हटवूनही दाखवलं. तो पहाड दुकानातल्या कॅलेंडरवर असतो तसा दिसायला लागला, म्हणून मी तिला परत आणायला लावलं. तुम्हाला नुसता पहाड पाहिजे असेल तर सांगा, माझी काही हरकत नाही. (आहे.)

ता. क. २. पावसाळ्यानंतर गावाचे सगळे फोटो छापून मी स्वतः वर नेणार आहे. तोवर कॅमेरा माझ्याकडे राहू द्यावा, ही विनंती. चादर मात्र मामींनी या वेळी रंगीत दिली तरी चालेल.

ता. क. ३. खरी गोष्ट ही. मी आमाला कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो दाखवला आणि सांगितलं, की हा माझ्या मामांच्या भिंतीवर लागेल, त्यांचे गुडघे गेले, ते येऊ शकत नाहीत. तिने कॅमेरा डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "उससे कहना, पहाड़ यहीं है, कहीं नहीं जा रहा. खच्चर पे बैठ के आ जाए." आणि तोवर तिला तुमचा एक फोटो पाहिजे. रोज माझ्याकडे कोण बघणार ते मला दिसायला नको का, असं तिचं म्हणणं. देवाच्या शेजारी लावणार आहे. तेव्हा आज संध्याकाळी स्टुडिओत या. दाढी करून या, दोन्ही कान दिसले पाहिजेत, आणि तो पांढरा शर्ट घालू नका, मागचा पडदा पांढरा आहे, आमाला नुसतं तुमचं डोकं दिसेल. हसलात तर मी थांबवणार नाही.