पाकिटातली कोरी जागा

दि. ४ मार्च

ती. दादास,
धाकटीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

गुडघा कसा आहे? वहिनी लिहिते बरा, तू लिहितोस बरा, म्हणजे दुखत असणार.

मनीने परवा तो मुलगा घरी आणला. नकाशांच्या ऑफिसात आहे, तुझ्याच गावात राहतो. उंच, हनुवटीवर जुना व्रण. लग्न याच्याशीच, म्हणते. दादा, माझं मन घेत नाही. एकटा माणूस, पण स्वतःला म्हणतो ‘आम्ही’. आमची खोली, आमचं टेबल. थाट राजाचा. मुलीच्या आईला मावशी म्हणायला काय जातं? तर नुसतं ‘अहो’. मनीला माझ्यासमोर एकदाही नावाने हाक नाही. संध्याकाळभर मोजून दहा वाक्यं बोलला.

पुढच्या रविवारी मी त्याला नकाराचं पत्र टाकणार आहे. मनी माझ्याशी बोलत नाही, तिच्या हातातली भांडी बोलतात. तुझ्या कानांवर माझा भरवसा. जमलं तर त्याचं बोलणं एकदा ऐकून घे.

रागावलास तरी चालेल, पण विसरू नकोस.
तुझी धाकटी

दि. ९ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

गुडघा दुखतो. आता मुद्द्याचं.

सकाळी तुझं पाकीट आलं आणि दुपारी दुसरं. दुसरं चामड्याचं, शिवण उसवलेलं. गिऱ्हाईक उंच, हनुवटीवर व्रण. नाव विचारलं तर तोंड न उघडता ऑफिसचं कार्ड पुढे केलं. म्हटलं, आले आमचे ‘आम्ही’.

पाकीट रिकामं करून द्यावं, अशी दुकानात पाटी आहे. त्याने सगळं काढलं, चोरकप्पा तेवढा विसरला. वरच्या कप्प्यात माणूस जगाला दाखवायचं ते ठेवतो आणि चोरकप्प्यात खरं. फुटपाथवर बसून पाकिटं शिवायचो तेव्हापासून हे बघतोय. अस्तर उलटं केलं तर चिठ्ठी पडली. वाचायला नको होती. वाचली.

नकाशेवाल्याचं नेटकं अक्षर, दोन रकाने. डावीकडे ‘मी’, उजवीकडे ‘आम्ही’. ‘माझं’पुढे ‘आमचं’. ‘मस्त’पुढे ‘छान’. ‘मावशी’पुढे ‘अहो’. आधी वाटलं, काहीतरी भानगड आहे. मग लक्षात आलं, डावीकडचे सगळे शब्द ‘म’ने सुरू होणारे.

संध्याकाळी तो न्यायला आला तेव्हा कान टवकारून बसलो. दोन पाकिटं पुढे ठेवली आणि यातलं कुणाचं कोणतं, म्हणून मुद्दाम विचारलं. त्याचे ओठ मिटले ते उघडेनात. मान ताठली. मग हळूच म्हणाला, डावीकडचं आमचं. धाकटे, पोराची जीभ ‘म’वर अडते गं. कसला राजा, वळसा घालून चालतोय बिचारा.

डावीकडे शेवटचा शब्द ‘मनी’. त्याच्यापुढे जागा कोरी. पेन टेकवून उचलल्याचे तीन-चार ठिपके, बस्स.

चिठ्ठी होती त्याच घडीवर परत ठेवली. मी मामा आहे हे बोललो नाही. तूही काही दाखवू नकोस, त्याचं त्याला सांगू दे. नकाराचं पत्र टाकलं नसशील तर फाड. टाकलं असशील तर पोस्टमनशी भांड, तुला ते जमेल.

माझ्या वाटणीची माया मनीला पोचती कर.
तुझा दादा

दि. १९ मार्च

ती. दादास,
धाकटीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र फाडलं. त्याला परत बोलावलं.

दुसऱ्याचं वाक्य पुरं करायला मी किती धावते, तुला ठाऊक आहे. या वेळी दात आवळून बसले. तो म्हणाला, ‘आम्ही’, आणि थांबला. ओठ मिटले. मग ‘मी’ म्हणाला, आणि सगळं आपणहून सांगितलं. शाळेत हसायचे तेही.

नंतर मनीला विचारलं, तुला माहीत होतं तर मला का नाही सांगितलंस? म्हणाली, ते त्याने सांगायचं होतं. तुम्ही मामा-भाची सारखीच.

निघताना चपला घालून दारात उभा राहिला. ‘येतो’ म्हणाला. पुढचा शब्द अडला. मी म्हणणार होते, ‘अहो’ चालेल रे. पण म्हटलं नाही. ‘मावशी’ म्हणायला त्याला इतका वेळ लागला की आत दूध उतू गेलं. वास आला, तरी मी जागची हलले नाही.

गुडघ्याला शेक दे, आणि लग्नाला चार दिवस आधी ये.
तुझी धाकटी