उजवीच्या जागी डावी

तीर्थरूप बाबा,

मी धडधाकट आहे, हे आधी वाचा, मग पुढचं. आईला एवढंच वाचून दाखवा. तिचा गुडघा कसा आहे?

तुम्ही हातानं लेथ चालवलात, नजरेनं कापलंत. इथे कारखान्यात मशीनला सगळं लिहून द्यावं लागतं. हत्याराचं टोक किंचित गोल असतं, पण मशीन ते अणकुचीदारच धरून चालतं. म्हणून गोलाई किती आणि कापायच्या कडेच्या कुठल्या बाजूला हत्यार आहे, हे सांगावं लागतं. मंगळवारी मी उजवीच्या जागी डावी लिहिली. हत्यार फिरत्या जॉबमध्ये, कापायच्या लोखंडात, जास्तच खोल घुसलं, टोक फुटलं आणि तुकडा माझ्या तोंडासमोरच्या काचेवर आदळला. काच टिकली.

फोरमनबाई ओरडल्या नाहीत. "उद्या तूच चालवायचं," एवढंच म्हणाल्या.

बुधवारी ती ओळ सात वेळा वाचली, तरी बटणाकडे बोट जाईना. शेवटी आधी जॉब न लावता रिकामंच चालवून पाहिलं, मग खरं. माप बरोबर आलं. तरी अजून बटण दाबण्याआधी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचते.

तुमचं अर्धं बोट गेलं, त्याबद्दल मी कधी विचारलं नाही. त्यानंतर लेथला पहिल्यांदा हात कसा लावलात, तेवढं लिहून कळवा.

तुमची,
धाकटी